साखर ९६, ट्रायग्लिसराइड २४०, वय २८: या रिपोर्टचा अर्थ काय?

अंतःस्रावी (धागाकर्ता)

कंपनीच्या वार्षिक तपासणीत पंचविशी-तिशीतल्या मुलामुलींचे रिपोर्ट येतात, त्यात एक नमुना वारंवार दिसतो. उपाशीपोटी साखर ९६, एकूण कोलेस्टेरॉल १९०, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३४, ट्रायग्लिसराइड २४०. साखर आणि कोलेस्टेरॉल दोन्हींसमोर 'नॉर्मल' छापलेलं असतं, म्हणून कागद फाइलीत जातो. ट्रायग्लिसराइडवर (रक्तातली चरबी, पुढे टीजी म्हणतो) काय बोलणं होतं, तर "तेलकट कमी खा". माझ्या मते या वयात या कागदावरचा सर्वात बोलका आकडा तोच आहे, आणि तो हृदयाइतकाच मधुमेहाबद्दल बोलतो.

उपाशीपोटी टीजी १५० मिग्रॅच्या आत असावं. १५० ते १९९ काठावरचं, २०० ते ४९९ जास्त, ५०० च्या पुढे अति जास्त.

आता साखर 'नॉर्मल' असण्याबद्दल. इस्रायली लष्करातल्या १३,१६३ तरुण पुरुषांवरचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांची उपाशीपोटी साखर १०० च्या आत होती, म्हणजे आपल्या भाषेत 'काही नाही'. तरीही ज्यांची साखर ९१ ते ९९ आणि टीजी १५० किंवा त्याहून जास्त होतं, त्यांना पुढे मधुमेह होण्याचा धोका दोन्ही आकडे खाली असणाऱ्यांच्या तुलनेत आठपट निघाला. त्याच गटाचा २००८ चा पुढचा अभ्यास आणखी उपयोगी आहे. त्यात टीजी पाच वर्षांच्या अंतराने दोनदा मोजलं होतं. खालच्या गटातून वरच्या गटात गेलेल्यांचा धोका कित्येक पटींनी वाढला. वरून खाली आलेल्यांचा बराच उतरला, पण आधीपासून कमी असणाऱ्यांइतका नाही. म्हणून एका आकड्यापेक्षा तो कुठल्या दिशेने चाललाय ते पाहा आणि जुने रिपोर्ट टाकू नका.

हे का होतं? इन्सुलिनचं एक काम म्हणजे चरबीच्या पेशींना "आता चरबी सोडू नका" असं सांगणं. इन्सुलिन रेझिस्टन्समध्ये हा हुकूम नीट पोचत नाही. फॅटी अॅसिड रक्तात येत राहतात, यकृत ती उचलतं, शिवाय जास्तीच्या साखर-पिठापासून स्वतःही चरबी तयार करतं आणि हे सगळं टीजीच्या रूपात रक्तात पाठवतं. टीजी वाढलं की एचडीएल पडतं आणि एलडीएलचे (वाईट कोलेस्टेरॉलचे) कण लहान, घट्ट होतात. उरलेली चरबी यकृतात साठते तोच फॅटी लिव्हर. असं यकृत रात्रभर नको तितकी साखर सोडतं. स्वादुपिंड जादा इन्सुलिन ओतून काही वर्षं हे झाकून धरतं, म्हणून त्या काळात साखरेचा आकडा शहाण्यासारखा दिसतो.

आपल्या शरीराची गोष्ट वेगळी घ्यावी लागते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा शेजारी-शेजारी फोटो छापला. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३. चरबीचं प्रमाण मात्र युडकिन यांचं ९.१ टक्के, याज्ञिक यांचं २१.२ टक्के. "मी तर बारीक आहे" हे आपल्याकडे पुरेसं उत्तर नाही. आपल्यासाठी बीएमआयची रेघ २५ नव्हे, २३ आहे. कंबर पुरुषांची ९० सेंमी आणि बायकांची ८० सेंमीच्या आत हवी.

कंबर मोजताना पॅंटचा नंबर धरू नका, पॅंट पोटाखाली बांधलेली असते. शेवटची बरगडी आणि कुल्ह्याचं हाड यांच्या मधोमध टेप आडवा, सरळ धरा. नेहमीसारखा श्वास सोडा आणि वाचा. पोट आत ओढू नका.

---

निशिगंध

छान धागा. तीन शंका.
१. आदल्या रात्री लग्नाचं जेवण झालं असेल तर टीजी त्यामुळे वाढलेलं दिसतं का?
२. काही रिपोर्टांत एलडीएलच्या रकान्यात आकडाच नसतो, ते का?
३. एकदाच जास्त आलं तर किती मनावर घ्यायचं?

---

सीरम

पॅथॉलॉजीच्या बाजूने लिहितो.

१. हो, वाढतं. नऊ ते बारा तास उपास हवा, साधं पाणी चालतं. बिनसाखरेचा चहासुद्धा नको, दूध आलंच. पण बारा तासांच्या उपासाने आदल्या दिवसाची पार्टी पुसली जात नाही. दारू दोन-तीन दिवस आधीपासून बंद हवी. रात्रीचं जेवण रोजच्यासारखं, आठ-साडेआठला संपलेलं. उलट टोकही टाळा: सोळा-सतरा तास उपाशी राहून आलेला माणूस रोजचं चित्र दाखवत नाही. ताप, डेंग्यू, शस्त्रक्रिया यानंतर काही आठवडे लिपिड प्रोफाइल करू नका, टीजी वर आणि कोलेस्टेरॉल खाली सरकलेलं मिळतं.

२. बहुतेक ठिकाणी एलडीएल मोजत नाहीत, काढतात. एकूण कोलेस्टेरॉल वजा एचडीएल वजा टीजीचा पाचवा भाग. धाग्यातल्या उदाहरणात १९० − ३४ − ४८ = १०८. टीजी ४०० च्या वर गेलं की हे सूत्र चुकीचं उत्तर देतं, म्हणून रकाना मोकळा सोडतात. तेव्हा 'डायरेक्ट एलडीएल' मागा किंवा नॉन-एचडीएल पाहा. एकूणातून एचडीएल वजा करायचं, इथे १५६. त्याला टीजीचा अडथळा येत नाही आणि उपासाचीही गरज नाही. १३० च्या आत असावं. म्हणजे एलडीएल १०८ पाहून ज्याला बरं वाटलं, त्याचं नॉन-एचडीएल वर आहे.

३. टीजी रोज हलतं. त्याच माणसाचा आकडा कोणताही आजार नसताना २०-३० टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. म्हणून दोन ते चार आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये, त्याच वेळी पुन्हा. १६० एकदा आलं तर पुन्हा तपासा. २४० दोनदा आलं तर ते खरं आहे. ५०० च्या वर आलं तर वाट पाहू नका, त्याच आठवड्यात डॉक्टर.

नमुना नुसता पाहूनही कळतं. रक्त फिरवून सीरम वेगळं केलं की ते स्वच्छ, फिकट पिवळं दिसायला हवं. टीजी चारशे-पाचशेच्या पुढे गेलं की त्यातून पलीकडची अक्षरं धूसर होतात. हजाराच्या पुढे ते ताकासारखं पांढरं. ती नळी रात्रभर फ्रीजमध्ये उभी ठेवली आणि सकाळी वर सायीचा थर, खाली स्वच्छ द्रव दिसला, तर ती जेवणातून आलेली चरबी. वर थर नाही पण सगळं सीरम गढूळच राहिलं, तर ते यकृताने बनवलेलं टीजी. रिपोर्टाच्या तळाशी 'लायपेमिक सॅम्पल' असा शेरा असेल तर इतर आकड्यांवरही शंका घ्या: हिमोग्लोबिन खोटं जास्त आणि सोडियम खोटं कमी येऊ शकतं.

---

पैलतीर

यूकेत राहणाऱ्यांसाठी भर. इथे टीजी मिलिमोलमध्ये येतं, त्याला ८८.६ ने गुणा. १.७ म्हणजे १५०. कोलेस्टेरॉल, एचडीएलला ३८.७ ने, साखरेला १८ ने. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) ४२ ते ४७ म्हणजे भारतातले ६.० ते ६.४. इंग्लंडात एनएचएसची (सरकारी आरोग्यसेवेची) नियमित तपासणी चाळिशीला सुरू होते. दक्षिण आशियाई माणसाने त्यासाठी थांबू नये. बीएमआय २३ च्या वर असेल किंवा घरात मधुमेह असेल, तर जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) स्वतःहून मागावं.

---

निशिगंध

आई-वडील दोघांनाही मधुमेह, मुलगा चोवीस-पंचवीसचा, दिसायला सडपातळ. याने तपासणी कधी सुरू करायची? सरकारी मोहिमेत तर तिशीनंतर बोलावतात.

---

अंतःस्रावी

तिशीनंतर म्हणजे उशीर. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पहिली लिपिड तपासणी १८ व्या वर्षीच व्हायला हवी. तेव्हा साखरही त्याच रक्तातून होते.

चेन्नईच्या डॉ. मोहन यांच्या गटाने केलेला इंडियन डायबेटिस रिस्क स्कोर अनेक जण वापरतात: वय, कंबर, व्यायाम, आई-वडील. ६० किंवा त्याहून वर म्हणजे जास्त धोका. पण ३५ च्या आत वयाला शून्य गुण आहेत. कंबर ९४ (१०), व्यायाम नाही आणि बैठं काम (३०), एका पालकाला मधुमेह (१०): बेरीज ५०, 'मध्यम'. तरुणाला हा स्कोर सहसा मध्यमच सांगतो. त्यावर विसंबू नका, त्याला टीजी आणि एचडीएलची जोड द्या. टीजी भागिले एचडीएल ३ च्या वर गेलं की इन्सुलिन रेझिस्टन्सचा संशय घ्यावा. धाग्यातल्या उदाहरणात ते ७ आहे.

आरसाही कामाला येतो. मानेच्या मागे, काखेत काळसर, मखमली, जाडसर पट्टा आणि बारीक चामखिळी. पोरीबाळींना तिथे मळ म्हणून दगडाने घासायला लावतात. घासून ते जात नाही, तो इन्सुलिन जास्त असल्याचा त्वचेवरचा पुरावा आहे. पीसीओएस (संप्रेरकांच्या बिघाडाने पाळी अनियमित होण्याचा विकार) असलेल्या मुलींमध्ये हमखास पाहा. त्यांना आणि गरोदरपणात मधुमेह होऊन गेलेल्या बायकांना वय न पाहता दरवर्षी साखर आणि लिपिड.

---

कृष्णाकाठ

मग एचबीएवनसी एकच केली तर भागत नाही का? ती तर कधीही देता येते.

---

सीरम

तरुणांत, विशेषतः मुलींत, एकटीवर भिस्त ठेवू नका. लोहाची कमतरता असेल तर एचबीएवनसी खोटी जास्त येते. साखर ८८ आणि एचबीएवनसी ५.९ दिसली की आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा) पाहा. सिकलसेल (लाल पेशींचा आनुवंशिक आजार) असेल तर उलटही होतं, लाल पेशी लवकर मरतात आणि आकडा खोटा कमी येतो. विदर्भ आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात हे लक्षात ठेवायलाच हवं.

शंका असेल तर ग्लुकोज टॉलरन्स. आधीचे तीन दिवस भात-पोळी नेहमीसारखी खायची, 'चांगला रिपोर्ट यावा' म्हणून बंद केली तर निकाल उलट बिघडतो. उपाशीपोटी रक्त, मग ७५ ग्रॅम निर्जल ग्लुकोज (मोनोहायड्रेट पावडर असेल तर ८२.५ ग्रॅम) २५०-३०० मिली पाण्यात, पाच मिनिटांत पिऊन संपवायचं. दोन तास बसून राहायचं. बाहेर चक्कर नाही, सिगारेट नाही, चहा नाही. दोन तासांनी १४० च्या आत ठीक, १४० ते १९९ पूर्वमधुमेह, २०० पासून मधुमेह. उपाशीपोटी १०० ते १२५ आणि एचबीएवनसी ५.७ ते ६.४ हेही पूर्वमधुमेहच. तरुण भारतीयांत उपाशीपोटी ९४ आणि दोन तासांनी १६५ असं सापडणं अजिबात दुर्मीळ नाही.

---

वाटीभर

आहाराबद्दल सविस्तर लिहिते, कारण इथेच सगळं चुकतं. टीजी म्हणजे चरबी, म्हणून लोक तूप बंद करतात आणि चहा, बिस्किटं, ज्यूस, भाताचा डोंगर तसाच ठेवतात. टीजी दीडशे ते पाचशेमध्ये असेल तर ते वाढवणाऱ्या गोष्टी या क्रमाने पाहा: साखर आणि गोड पेयं, दारू, मैदा-भात-पोळी यांचं एकूण प्रमाण, पोटाचा घेर. तेलतूप त्यानंतर.

साखरेचा हिशेब मांडा. टपरीच्या कपात दोन चमचे धरले तर चार चहांत ३५-४० ग्रॅम. थंड पेयात १०० मिलीला साधारण १०-११ ग्रॅम, म्हणजे ३०० मिलीच्या बाटलीत तीसच्या वर. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा २,००० कॅलरीच्या आहारात दिवसाला ५० ग्रॅम, शक्यतो २५. चार चहा आणि एक बाटली झाली की मर्यादा ओलांडली, अजून जेवण व्हायचंय. गूळ, मध, खडीसाखर, 'नैसर्गिक' फळांचा रस यांना सूट नाही. उसाच्या रसाचा मोठा ग्लास थंड पेयाच्या बाटलीच्या बरोबरीचाच. अख्खं फळ चालेल, आमरसाची वाटी त्यात मोजू नका.

उपासाचे दिवस वेगळे लिहिते. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात बटाटा, वर साखरेचं दही. चतुर्थी, सोमवार, गुरुवार धरणाऱ्या घरांत महिन्याला सहा-आठ वेळा हे होतं. उपास धरायचाच तर भगर अर्धी वाटी, दाण्याची आमटी, ताक, काकडी, राजगिऱ्याची भाकरी.

ताट असं: दोन मध्यम पोळ्या किंवा एक ज्वारीची भाकरी, उसळ किंवा घट्ट वरण एक मोठी वाटी, भाजी दोन वाट्या (बटाटा भाजीत धरू नका, तो भातात धरा), कोशिंबीर, दही. भात घ्यायचा तर एक पोळी कमी. साठ किलोच्या माणसाला दिवसाला ५०-६० ग्रॅम प्रथिनं हवीत. मटकीच्या उसळीच्या वाटीत सात-आठ ग्रॅम, अंड्यात सहा, १०० ग्रॅम पनीरमध्ये अठरा, ५० ग्रॅम कोरड्या सोयावड्यांत पंचवीसच्या आसपास. पातळ आमटी मोजण्यात धरू नका, ती पाणीच असते. नाश्त्याला पोहे असतील तर निम्मे पोहे, निम्मी मोडाची मटकी आणि शेंगदाणे.

तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर. चार माणसांच्या घरात दोन लिटरचा कॅन महिना पुरला पाहिजे. पंधरवड्यात संपत असेल तर कुठे जातंय ते शोधा. कोकण-गोव्याकडे बांगडा, तारली आठवड्यात दोनदा उत्तम, पण तिखल्यात, सुक्यात किंवा भाजून. रवा लावून तळली की हेतू हरवला.

पाचशेच्या वर, विशेषतः हजाराच्या पुढे मात्र नियम बदलतो. तिथे सगळ्या प्रकारची चरबी मिळून दिवसाला २०-३० ग्रॅमपर्यंत आणावी लागते. तूप, नारळ, दाणे, सुकामेवा, सगळंच. समाजमाध्यमांवरचा 'साखर बंद, तूप भरपूर' सल्ला अशा माणसाला रुग्णालयात पोचवू शकतो.

---

सह्यवारा

व्यायामाबद्दल. रक्तातलं टीजी उचलून स्नायूत नेणारं एन्झाइम व्यायामानंतर एक-दोन दिवस जास्त काम करतं. म्हणून रविवारी एकदम वीस किलोमीटर आणि सहा दिवस खुर्ची यापेक्षा दिवसाआड तरी हवंच. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने. आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम: उठाबशा, भिंतीवरचे मग जमिनीवरचे जोर, पाठीसाठी ओढण्याचा एखादा प्रकार, प्रत्येकी दहा-बाराचे तीन फेरे. आपले स्नायू मुळातच कमी असतात आणि जेवणातली साखर मुख्यतः तिथेच जाते. रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटं सोसायटीच्या आवारात चालणं, हे सगळ्यात स्वस्त.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी मात्र दणकून व्यायाम करू नका, आकडा खोटा चांगला येतो.

---

फार्माकट्टा

औषधांमुळेही टीजी चढतं, आणि तरुणांत ती यादी वेगळीच आहे: मुरमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन, इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या, स्टेरॉइड, ओलान्झापिन-क्लोझापिनसारखी मनोविकाराची औषधं. जिममध्ये मिळणारी अॅनाबॉलिक इंजेक्शनं एचडीएल पार तळाला नेतात. डॉक्टरांनी लिहिलेलं औषध स्वतःहून बंद करू नका, त्यांना रिपोर्ट दाखवा. टीएसएच एकदा बघाच, थायरॉइड कमी असेल तर औषधाने टीजीही उतरतं. लघवीत प्रथिनं जातात का तेही.

फिश ऑइलच्या कॅप्सूलबद्दल: पुढे १००० मिग्रॅ लिहिलेलं असतं, मागे बारीक अक्षरात ईपीए-डीएचए (कामाची ओमेगा-३ चरबी) मिळून ३००. टीजी उतरायला या दोन्हींचे मिळून दोन ते चार ग्रॅम लागतात. म्हणजे रोज सात ते तेरा गोळ्या. दिवसाला एक घेऊन टीजी हलत नाही.

---

कृष्णाकाठ

तरी एक मूळ प्रश्न राहतोच. फेनोफायब्रेट (टीजी उतरवणारी गोळी) घेऊन आकडा दीडशेखाली आणला, की मधुमेह टळला असं समजायचं का?

---

अंतःस्रावी

नाही, आणि हा प्रश्न नेमका आहे. तरुणात टीजी हे बहुतांशी आतल्या बिघाडाचं माप आहे. गोळीने माप बदलतं, यकृतातली चरबी आणि रेझिस्टन्स आपोआप जात नाहीत. २०२२ च्या प्रॉमिनंट चाचणीत मधुमेह असलेल्या दहा हजारांहून अधिक लोकांचं टीजी पेमाफायब्रेटने सुमारे २६ टक्के खाली आलं, हृदयविकार मात्र कमी झाले नाहीत. फायब्रेटचं खरं काम ५०० च्या वर, स्वादुपिंड वाचवण्याचं, कारण इतक्या टीजीने त्याला सूज येऊ शकते. एलडीएल, नॉन-एचडीएल जास्त असेल तर स्टॅटिनचा (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीचा) विचार वेगळा आणि तो डॉक्टरांनी करायचा.

मधुमेह टळतो ते जीवनशैलीने, आणि त्याचे आकडे आपल्याकडचे आहेत. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या इंडियन डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅममध्ये (२००६) पूर्वमधुमेह असलेल्या ५३१ जणांपैकी नुसत्या आहार-व्यायामाच्या गटात तीन वर्षांत धोका २८.५ टक्के घटला, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने २६.४. दोन्ही एकत्र देऊन जास्तीचं काही पदरात पडलं नाही. अमेरिकेतल्या २००२ च्या अभ्यासात सात टक्के वजन कमी करण्याचं ध्येय आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम यांनी धोका ५८ टक्के उतरला. आपल्या उदाहरणातल्या मुलाचं वजन ७८ किलो असेल तर पहिलं ध्येय चार किलो (साधारण पाच टक्के), तेही तीन-चार महिन्यांत.

---

निशिगंध

आणि तीन महिन्यांनी नेमकं काय काय पुन्हा करायचं?

---

अंतःस्रावी

लिपिड प्रोफाइल, उपाशीपोटी साखर, एसजीपीटी (यकृताची तपासणी), वजन, कंबर. त्याच लॅबमध्ये. कंबर चार सेंमी उतरली आणि टीजी २४० चं १७० झालं तर वाट बरोबर आहे, पुढची तपासणी सहा महिन्यांनी. कंबर उतरली पण टीजी तसंच राहिलं तर दारू, औषधं, थायरॉइड पुन्हा तपासा, आणि घरात इतरांचंही टीजी मोजा, ते आनुवंशिक असू शकतं. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आलं असेल तर ती वर्षाने पुन्हा.

दोन गोष्टींत तीन महिने थांबायचं नाही. एक, टीजी खूप जास्त आणि सोबत तहान, वारंवार लघवी, न ठरवता वजन उतरणं: त्याच दिवशी साखर आणि लघवीतले कीटोन. अशा वेळी मधुमेह आधीच झालेला असतो, टीजी त्याच्यामुळे हजारांत जातं, आणि बारीक तरुणात तो टाइप १ ही असू शकतो. दुसरं, टीजी ५०० च्या वर असलेल्या माणसाला वरच्या पोटात सणसणीत, पाठीत जाणारी कळ आणि उलट्या: अॅसिडिटीची गोळी देऊन झोपवू नका, थेट रुग्णालयात न्या आणि टीजीचा जुना रिपोर्ट बरोबर ठेवा. सीरम पांढरं असेल तर अमायलेज (स्वादुपिंडाची तपासणी) खोटं नॉर्मल येऊ शकतं, म्हणून लायपेजही करायला सांगा.